सही करा, पोच घ्या

त्यांना पेढा दिला तरी ते त्याची पोच देत.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी मी राजूरहून, म्हणजे माझ्या गावाहून, पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. अकोले तालुक्यातल्या माणसाने राजूरचा पेढा वाटला नाही, तर त्याला नोकरी लागली असं आमच्याकडे कुणी धरतच नाही. सगळ्यांनी पेढा तोंडात टाकला, "अभिनंदन" म्हटलं आणि कामाला लागले. त्यांनी मात्र पेढा समोरच्या कागदावर ठेवला, खणातून एक लांबट पुस्तक काढलं, कार्बन सरळ केला आणि लिहिलं, 'पेढा, नग एक, मिळाला.' खाली सही, तारीख. मग पेढा खाल्ला. मग पुन्हा पेन उचलून सहीच्या वर बारीक अक्षरात भर घातली, 'उत्तम.' तो कागद फाडून माझ्या हातात दिला आणि पुस्तक, त्यात राहिलेली कार्बनची प्रत वर ठेवून, माझ्याकडे सरकवलं.

"बाईसाहेब, स्थळप्रतीवर सही करा. कोनी दिला ते कळाया पायजे."

मला वाटलं, या माणसाचा एखादा स्क्रू ढिला आहे. असं वाटणारी मी पहिली नव्हते हे नंतर कळलं.

सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. ते काही त्यांचं नाव नव्हे. आमच्या जिल्ह्यात ज्याच्या खिशाला पेन आणि काखेत रजिस्टर असतं तो भाऊसाहेब. नगरहून पुण्याकडे जाताना रस्ता सोडून आत वळलं की माळावर आमचं खाजगी विद्यापीठ होतं. शेती, फार्मसी, इंजिनिअरिंग, सगळं एकाच कुंपणात. त्यात टांझानिया, सुदान, नेपाळ असे कुठून कुठून विद्यार्थी येत. त्यांच्यासाठी 'परदेशी विद्यार्थी कक्ष' नावाची एक खोली होती. खोलीत तीन टेबलं. एकावर भाऊसाहेब, एकावर मी, तिसऱ्यावर बंद पडलेला प्रिंटर. साहेब म्हणून वर एक प्राध्यापक नेमलेले असत, पण ते दर वर्षी बदलत आणि बहुतेकांना खोली कुठे आहे हे शेवटपर्यंत ठाऊक नसे.

भाऊसाहेब अंगाने किडकिडीत. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि उजव्या कफाला कार्बनचा निळा डाग, तो धुऊन धुऊन कायमचा झालेला. खिशाला तीन पेनं. तिसरं फक्त सहीचं, ते प्रत्यक्ष कुलगुरूंनी मागितलं तरी देत नसत. बंद पडलेली स्कूटर ढकलत नेतानाही डोक्यावर हेल्मेट असायचं. झाडूवाल्या मावशींपासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना साहेब किंवा बाईसाहेब. बोलणं अस्सल राहात्याकडचं. आणि लिहायला बसले की असं शुद्ध, गोळीबंद मराठी उतरायचं की मराठीच्या प्राध्यापकांनी येऊन शिकावं. मी एकदा त्यांना विचारलंही, की असं कसं. तर म्हणाले, "बोलनं आपल्या घरचं हाय. कागद सरकारचा हाय."

टेबलाच्या काचेखाली त्यांनी जगाचा नकाशा ठेवला होता. नवा विद्यार्थी आला की त्याला खुर्चीवर बसवायचं, नकाशावर त्याचं गाव दाखवायला सांगायचं आणि पेन्सिलीने तिथे ठिपका द्यायचा. मग त्याचं नाव तीन-चारदा म्हणून घ्यायचं, देवनागरीत लिहायचं, पुन्हा वाचून दाखवायचं आणि तो "यस" म्हणेपर्यंत दुरुस्त करायचं. यात अर्धा तास जाई. बाहेर रांग लागे आणि मी आतल्या आत चडफडे. पण वसतिगृहात नवा परदेशी मुलगा उतरल्याची माहिती चोवीस तासांत पोलिसांकडे ऑनलाईन गेलीच पाहिजे, हा नियम आमच्याकडे एकदाही चुकला नाही. एकदा एक नेपाळी मुलगा दिवाळीच्या सुट्टीत अचानक येऊन थडकला. नेपाळच्या मुलांना हे लागू नाही, असं मी फोनवर सांगत असताना भाऊसाहेब राहात्याहून निघालेसुद्धा होते. आले, त्याला फराळ दिला, फराळाच्या डब्याची पोच त्याच्याकडून लिहून घेतली आणि परत गेले.

कायद्याकडे बघण्याची त्यांची एक तऱ्हा होती. आम्हा सगळ्यांना वाटायचं की हे नियम म्हणजे बाहेरच्या पोरांवर नजर ठेवण्याची सोय. भाऊसाहेब म्हणायचे, "निम्मा कायदा त्यांच्यासाठी हाय, निम्मा आपल्यासाठी. आपला निम्मा कोन वाचीतच न्हाई." म्हणून तो 'आपला निम्मा', म्हणजे संस्थेने काय काय करायचं ते, त्यांनी स्वतः मराठीत उतरवून, सुतळीत ओवून भिंतीवर टांगला होता. एका नव्या साहेबांनी आल्या आल्या एक फाईल उघडली आणि तिच्यावर लिहिलं, 'परदेशी विद्यार्थी : समस्या'. भाऊसाहेबांनी फाईल घेतली, पट्टीने रेघ मारून 'समस्या' खोडलं, वर 'आपली कामे' लिहिलं आणि खोडलेल्या जागी आद्याक्षरी सही केली.

पासपोर्टांचा किस्सा तर सगळ्या विद्यापीठात गाजला. मुलांच्या वसतिगृहाच्या रेक्टरांनी 'सुरक्षिततेसाठी' सगळ्या परदेशी मुलांचे पासपोर्ट गोळा करून कपाटात कुलूपबंद केले होते. मनात काळं काही नव्हतं. भाऊसाहेबांना कळलं तसे ते हेल्मेटसकट तिथे गेले.

"सायेब, पोच दिली का?"

"कसली पोच? माझ्याच पोरांचे आहेत. हरवतात हो कुठंही."

"पासपोर्ट त्याच्या त्याच्या सरकारचा असतो. पोराकडं असतो तो वापराया. आपन मधी कोन? आपल्याला घ्याया अधिकार न्हाई, म्हून पोच देता येत न्हाई. आन ज्याची पोच देता येत न्हाई, ती वस्तू घ्यायाची न्हाई."

रेक्टर चांगले सहा फूट, आवाजाचे पक्के. पण भाऊसाहेब कपाटासमोर नुसते उभे राहिले. शेवटी कपाट उघडलं. त्यांनी तिथेच स्टूल ओढून एकेका मुलाला बोलावलं, पासपोर्ट दिला आणि 'परत मिळाला' अशी प्रत्येकाची सही घेतली. रेक्टर पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते.

तर या माणसाचा आमच्या कक्षासाठी एकच दंडक होता. विद्यार्थ्याचा कोणताही कागद हातात आला की आधी पोच. जो कागद घेईल त्याची सही. 'भाऊसाहेबांकरिता' वगैरे चालणार नाही, ज्याच्या हातात कागद, त्याचं नाव. भिंतीवर पाटी होती, सही करा, पोच घ्या. इंग्रजीतही होती आणि कुणाकडून तरी लिहून घेऊन स्वाहिलीतही. प्रवेशाच्या दिवसांत पोचा लिहून लिहून माझी बोटं दुखत. मी मैत्रिणीला फोनवर म्हणे, "इथे शिंकलं तरी पोच द्यावी लागते." ते ऐकायचे आणि पुढची पोच लिहायला घ्यायचे.

निमा त्या मुलांतलीच एक. टांझानियाची, शेतीच्या पदवीला. तिच्या नावाचा उच्चार वेगळा होता, भाऊसाहेब तो बरोबर करायचे. पण मेसच्या बायकांनी तिला आल्या दिवशीच निमा करून टाकलं आणि तिनेही ते मानून घेतलं. ज्वारीची भाकरी थापायला शिकली होती. सुप्याला बाजाराला गेली की घासाघीस मराठीत करायची. शेवटच्या वर्षाला गेली आणि तिच्या व्हिसाची मुदत संपत आली. मुदतवाढीच्या ऑनलाईन अर्जाला आमचं बोनाफाईड पत्र जोडावं लागतं. त्या पत्रासाठीचा अर्ज घेऊन ती चांगली महिनाभर आधी आली. भाऊसाहेब जेवायला गेले होते. अर्ज मी घेतला, पोच मी दिली आणि स्थळप्रतीवर तिची सही घेतली.

आणि इथे आमच्या लेटरहेडची गोष्ट येते.

जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर होऊन बरेच दिवस झाले होते, पण आमच्या लेटरहेडवर जुनंच नाव होतं. शेवटी एकदाची नवी छापायला टाकली. रजिस्ट्रार साहेबांनी फर्मान काढलं की आता जुन्यावर एकही पत्र जाणार नाही. छापखान्यातून गठ्ठे आले तर पितृपंधरवडा लागलेला. पितृपक्षात नव्या कामाला हात कसा लावायचा? साहेब म्हणाले, पक्ष संपू दे. तो संपला, घट बसले, तर म्हणाले, आता थोडंच राहिलंय, खंडेनवमीला शिक्के आणि लेटरहेड यांची रीतसर पूजा करू आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर संस्थेच्या अध्यक्षांना पहिलं पत्र पाठवू. जुनं वापरायचं नाही, नवं उघडायचं नाही. भाऊसाहेबांनी एक टिपणी लिहून दिली, की परदेशी विद्यार्थ्यांची पत्रं मुदतीची असतात, त्यांना यातून वगळावं. टिपणीची पोचही घेतली. उत्तर आलं नाही. मला म्हणाले, "बाईसाहेब, तारीख जवळ आलेला एक जरी अर्ज आला तरी मला सांगा. मी सायेबाच्या दारात बसून सही आनतो." मी मान हलवली. निमाचा अर्ज तेव्हा माझ्याकडे आलेला होता. सांगायचं राहून गेलं.

त्याचं काय झालं ते सांगते. नवी लेटरहेडं उघडली की पहिलं तिचंच पत्र करायचं, म्हणून मी तिचा अर्ज जुन्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर, डोळ्यांसमोर ठेवला होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साफसफाई निघाली. जुने गठ्ठे सुतळीने बांधून स्टोअरमध्ये टाकले. बांधले मीच. त्यावरचा अर्जही आत गेला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, शिक्क्यांना हळदकुंकू वाहिलं, पेढे खाल्ले. मधल्या काळात निमा दोनदा येऊन गेली होती. मी तिला म्हटलं होतं, "दसऱ्यानंतर ये." तिचा व्हिसा दसऱ्याच्या आधी संपत होता. ती तारीख अर्जावर लिहिलेली होती आणि अर्ज मी वाचला होता.

दसऱ्यानंतर कचेरी उघडली तशी ती दारात उभी. "मॅडम, माझा कागद?"

मी टेबल धुंडाळलं. मग एकदम लख्ख आठवला, तो सुतळीने बांधलेला गठ्ठा. तिला म्हटलं, "उद्या ये." ती म्हणाली, "मॅडम, पोलीस ऑफिसमध्ये म्हणाले, कॉलेजचं पत्र पाहिजे. उशीर कोणाचा झाला, ते लिहून पाहिजे. माझा झाला तर मला जायला लागेल." तिला ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही, म्हणून मला जास्त कसंतरी झालं.

भाऊसाहेब दसऱ्याला राहात्याला गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. मी सरळ रजिस्ट्रार साहेबांकडे गेले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, घाबरट होते. डोक्याला हात लावून म्हणाले, "विद्यापीठाची चूक असं लिहून दिलं तर पुढच्या वर्षी परदेशी प्रवेश बंद होतील. आणि तू अजून प्रोबेशनवर आहेस." मग त्यांनी मसुदा सांगितला : 'विद्यार्थिनीने विहित मुदतीत अर्ज सादर केला नाही.' मला म्हणाले, "टाईप कर. तुझीच नोकरी वाचवतोय."

मी टाईप केलं. आज हे लिहितानाही कान गरम होतात, पण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा निमा भाऊसाहेबांसमोर बसलेली होती. तिने मोबाईलच्या कव्हरमधून घडी केलेला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. माझ्या सहीची पोच. त्यांनी ती पाहिली, पुस्तक काढून स्थळप्रत पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात रजिस्ट्रार साहेब स्वतः खाली आले. त्यांना आमची खोली ठाऊक आहे हे मला त्या दिवशी कळलं. निमाला बाहेर थांबायला सांगितलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ते पोचपुस्तक जरा माझ्याकडे द्या."

"देतो की सायेब," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी कपाटातून नवं कोरं पोचपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला आणि लिहायला लागले. लिहिता लिहिता मोठ्याने वाचतही होते. "'पोचपुस्तक, नग एक. यातील सदर विद्यार्थिनीच्या अर्जाच्या स्थळप्रतीसह, कुलसचिव यांना सुस्थितीत मिळाले.' हितं सही करा सायेब, आन घिऊन जावा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. कागद वाचला. पुन्हा वाचला. एका सहीने ते पुस्तक, त्यातली ती पोच आणि ती आता कुणाच्या ताब्यात आहे हे सगळं कबूल होत होतं. पेन तसंच खिशात परत गेलं. "राहू द्या इथंच," म्हणाले आणि जिना चढून गेले.

मला वाटलं, संपलं. पण भाऊसाहेबांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

"बाईसाहेब, काय झालं त्ये लिवा. जसं झालं तसं."

"माझी नोकरी जाईल, भाऊसाहेब."

"जाईल बी. म्या न्हाई म्हनत न्हाई." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तिचं तीन वर्साचं शिक्षान जाईल. तुमची नोकरी गेली तर दुसरी बघू, म्या फिरतो तुमच्यासंगं. ती परत कशी यायाची?"

मला इतका राग आला होता त्या माणसाचा! त्यांच्या त्या कार्बनचा, निळ्या कफाचा, माझ्या सहीने मलाच धरणाऱ्या त्या पुस्तकाचा. रडत रडत लिहिलं. गठ्ठा, सुतळी, मी वाचलेली तारीख, मसुदा टाईप केला तेही. त्यांनी वाचलं, एका ठिकाणी 'बहुधा' लिहिलं होतं ते काढायला लावलं आणि शांतपणे मला त्याची पोच दिली. ती पोच मी तिथेच चोळामोळा करून टोपलीत फेकली.

मग आम्ही दोघं स्टोअरमध्ये गेलो, गठ्ठे सोडले आणि अर्ज काढला. माझा कबुलीचा कागद, निमाचा अर्ज, पोच आणि त्यांची स्वतःची ती आधीची टिपणी, असं सगळं लावून ते वर गेले. बराच वेळ वर होते. मी खाली जिन्याच्या पायरीवर बसले होते आणि निमा माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिने मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

भाऊसाहेब खाली आले तेव्हा हातात पत्र होतं. 'सदर विद्यार्थिनीने अर्ज मुदतीत सादर केला होता. तो या कार्यालयात गहाळ झाला. झालेल्या विलंबाची जबाबदारी सर्वस्वी विद्यापीठाची असून विद्यार्थिनीचा त्यात कोणताही दोष नाही.' खाली रजिस्ट्रार साहेबांची सही. कागद नवा, करकरीत होता. अध्यक्षांचं पत्र अजून मसुद्यातच अडकलं होतं, त्यामुळे पूजा करून ठेवलेल्या लेटरहेडवरचं पहिलं पत्र, जावक क्रमांक एक, आमच्या चुकीच्या कबुलीचं निघालं. साहेबांनी सही कशी केली हे मी नंतर विचारलं. "काय न्हाई," म्हणाले. "दोनी पत्रं पुढं ठिवली, ह्ये आन तुमी टाईप केल्यालं. म्हनलं, एकावर सही करा. दुसऱ्यावर केली तर त्याची पोच मला द्या."

नगरला पोलीस अधीक्षक कार्यालयात आम्ही तिघं गेलो. तिथल्या बाईंनी पत्र वाचलं, मान वर करून आम्हाला पाहिलं आणि पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "संस्थेने आपली चूक अशी लिहून दिलेली मी तरी पहिल्यांदा बघतेय." कागद पुढे पाठवायला घेतले. तिथे व्हरांड्यातल्या बाकावर बसलो असताना, निमा आत सही करत होती तेवढ्यात, भाऊसाहेबांनी मला स्वतःची गोष्ट सांगितली. मी विचारलं नव्हतं.

"धावीला पैला आल्तो म्या. लांबच्या एका कॉलेजात वसतिगृहासाठी अर्ज द्याया गेल्तो. आई संगं हुती, मजुरीचा खाडा करून आल्ती. खिडकीत अर्ज दिला. आई म्हनली, चिठ्ठी माग. मला लाज वाटली. एवढा मोठा सायेब, त्याला काय चिठ्ठी मागायची? यादी लागली, नाव न्हवतं. म्हनले, अर्जच आला न्हाई. आई त्या खिडकीशी दोन तास हुबी. म्हनं माज्या डोळ्यांदेखत दिलाय. ते म्हनले, कागद दाखवा."

"मग?"

"मंग काय. ऱ्हायाला जागा न्हाई, म्हून कॉलेज न्हाई. फुडं बाहेरून बी.ए. केलं, पन ते निराळं." मग म्हणाले, "त्या मानसानं मुद्दाम केलं असंल असं मला वाटत न्हाई. त्याच्या बी गठ्ठ्यात गेला असंल."

त्या शेवटच्या वाक्यावर मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. इतकी वर्षं तो खिडकीतला माणूस त्यांनी मनात ठेवला होता आणि त्याला माफही केलं होतं. मला ते कधीच काही लागेलसं बोलले नाहीत, त्याचं कारण तेव्हा कळलं.

निमाला मुदतवाढ मिळाली. यायला काही आठवडे लागले, तेवढे दिवस ती वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पडली नाही. मला लेखी ताकीद मिळाली, प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. नोकरी राहिली. भाऊसाहेब त्यानंतर थोड्याच दिवसांत निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल आणि घड्याळ दिलं, त्याची पोच त्यांनी व्यासपीठावरच लिहिली आणि रजिस्ट्रार साहेबांनी हसत हसत स्थळप्रतीवर सही केली. सगळे बोलले. मी बोलले नाही. त्यांच्यावरचा माझा राग ओसरला होता, पण आता बोलायची लाज वाटत होती.

परवा राहात्याला गेले. निमा पास झाली, तिचा पदवीचा झगा घातलेला फोटो तिने मोबाईलवर पाठवला होता, तो मी नगरला छापून घेतला. भाऊसाहेबांचं घर गावाच्या कडेला, मागे चार पेरूची झाडं. भिंतीवर तथागतांची तसबीर आणि तिच्या खाली त्यांच्या आईचा फोटो, डोक्यावरून पदर घेतलेला. काकूंनी चहा टाकला. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून निमाचा फोटो खूप वेळ पाहिला, तिचं नाव तिच्या देशात म्हणतात तसं एकदा म्हटलं आणि मग तो नेऊन आईच्या फोटोशेजारी टेकवून ठेवला.

मग आतून पोचपुस्तक आलं. घरातही होतंच. 'छायाचित्र, नग एक, मिळाले.' मी सही केली.

नगरपासून गाडीत मी वाक्यं जुळवत आले होते, ती सगळी विसरले. म्हटलं, "भाऊसाहेब, मी आभार मानायला आलेय. त्या दिवशी तुम्ही मला लिहायला बसवलं नसतं ना, तर मी आयुष्यभर तशीच राहिले असते. तोंड चुकवत. मी तुम्हाला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या होत्या. आणि ती पोच फेकून दिली होती."

त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं, कार्बन सरळ केला. खिशातलं तिसरं पेन, सहीचं, काढलं आणि सावकाश लिहिलं, 'आभार मिळाले.' सही, तारीख. मग सहीच्या वर बारीक अक्षरात भर घातली. 'उशिरा प्राप्त.'

"हे कशाला लिहिलंत, भाऊसाहेब?"

"उशीर झाला न्हाई का?"

"झाला."

"मंग करा सही."

आणि ते पेन, जे त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं, त्यांनी माझ्यापुढे धरलं. माझे डोळे भरून आले होते. कागदावर पाणी पडू नये म्हणून मान बाजूला केली आणि मी सही केली.